अळणी अंडं

खिडकीत सहा बशा. बशांत ओलं शेवाळ,
शेवाळात दवबिंदूचं एकेक रोप:
नाण्याएवढी पानं, तांबड्या केसांनी भरलेली,
केसाकेसाच्या टोकाला चिकट थेंब
जो भर उन्हातही वाळत नाही.
चिलटं त्याला पाणी समजतात.

फरबेनच्या दलदलीतून मी ती आणली
बाबांच्या फावड्याने. दांड्यावर खिळ्याने कोरलेलं
फिंटन कॉरिगन, त्यातलं अर्धं आडनाव
त्यांच्याच अंगठ्याने झिजवलेलं.
चाळीस वर्षं त्यांनी तिथे पीट कापलं,
आधी चुलीसाठी, मग वीजघरासाठी,
आणि ही रोपं बुटांखाली तुडवली.
"ते लाल चिकट? ते काय खातं?"
"माश्या," मी म्हटलं. "तिथल्या मातीत काही कस नसतो."
"ते तू मला सांगू नकोस," बाबा म्हणाले.

शाळेतून आणलेल्या बाटल्या:
सोडियमवाल्या डावीकडे, पोटॅशियमवाल्या उजवीकडे.
एक भाग क्षार, चारशे भाग पाणी.
टाचणीच्या डोक्यावर राहील एवढा थेंब
पानाच्या मधोमध.
पहिल्या बशीत नुसतं पाणी. तिथे काही होत नाही,
आणि काही होत नाही हेही लिहायचं असतं
वेळेसकट.

सोडियम क्लोराइड. अकराला थेंब.
सव्वाबाराला कडेचे केस हलल्यासारखे,
किंवा माझीच मान हलली असेल.
दोनला नक्की.
चारला सगळे आत वळलेले,
पैसा हातावर पडल्यावर पोराची मूठ वळते तसे.

पोटॅशियम क्लोराइड. तेच पाणी, तीच काचकांडी,
तसेच पांढरे दाणे. चिठ्ठ्या गळून पडल्या असत्या
तर मला सांगता आलं नसतं कुठलं कुठलं.
पान उघडंच. संध्याकाळी उघडं.
दुसऱ्या दिवशी दूधवाला येऊन गेला तरी उघडं.

अमोनियम फॉस्फेटचं तर मी मोजणंच सोडलं.
पाण्यात पाणी घालत गेले,
तराजूचा काटा कधीच निजला होता,
तरी दोन केस उठले.

सिल्व्हर नायट्रेट एकदाच.
पान काळं पडलं. ती बशी मी रिकामी केली,
म्हणून आता सहा.

जानेवारीत बाबांच्या छातीत कळ आली,
तेव्हा डॉक्टर मलॉय म्हणाले, मीठ बंद.
टलामोरच्या औषधवाल्याकडून मी डबा आणला:
बदली मीठ, शाळेत बदली मास्तर असतो तसं.
मिठाची जुनी कुपी धुतली, पुसली, भरली.
बोलले नाही.

सोमवारी अंडं. बाबांनी टोक फोडलं,
कुपी तीनदा झटकली, एक घास घेतला,
आणि चमचा बशीत ठेवला.
"डिम्प्ना, हे मीठ नाही."
"मीठच आहे," मी म्हटलं.
मी, जी पोरांचे गुण कापते
न घेतलेली निरीक्षणं वहीत घुसडली म्हणून.

त्यांनी वाद घातला नाही.
कुपी सरकवली टेबलावरून,
चहाच्या किटलीला वळसा घालून, खिडकीपर्यंत,
बशांच्या रांगेत नेऊन उभी केली.
"त्यांना विचार."

विचारलं होतं. पान नववं, माझंच अक्षर:
उघडं, उघडं, उघडं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
ही रोपं जागतात, तीही खऱ्याच मिठाला,
आणि हा माणूस, ज्याने त्यांच्या पायाखालची जमीन
कापकापून आम्हाला ऊब दिली,
त्यांच्याच जिभेचा निघाला.

मंगळवारी मी शाळेचा तराजू स्वयंपाकघरात मांडला.
किती द्यावं हे मलॉयना विचारलं नाही,
काटा हलेल न हलेल इतकंच घेतलं,
खरं,
आणि पिवळ्यावर मधोमध टाकलं.

बाबांनी घास घेतला. डोळे मिटले.
वेळ मी लिहिली नाही.